नंबर काढायच्या आधी त्याच्या घरी जा

(पत्र थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

"ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, वय २६. बीएस्सी केलं, आता वडिलांसोबत शेती बघतो आणि संध्याकाळी गावात अभ्यासिका चालवतो. आमच्या अभ्यासिकेतल्या १९ वर्षांच्या एका पोराने दोन महिन्यांपूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला, आता घरी आहे. रोज आमच्यातच बसायचा, कोणालाच काही कळलं नाही. त्यानंतर आम्ही सहा-सात मित्रांनी ठरवलं की आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी संस्था काढायची. मंडळाचे थोडे पैसे शिल्लक आहेत. हेल्पलाइनचा नंबर घ्यायचा, तालुकाभर बॅनर लावायचे, कॉलेजात भाषणं ठेवायची असा प्लॅन आहे. पण आई म्हणते पोलिसांचं लफडं मागे लागेल, यात पडू नको. एक मित्र म्हणतो हे डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही. तुम्ही सांगा, काढायची का संस्था? आणि अजून एक, तो पोरगा आता कोणाशी बोलत नाही, फोन उचलत नाही. त्याच्याशी काय बोलावं तेच कळत नाही म्हणून आम्हीही गेलो नाही."

भाऊ, तू शेवटी जे विचारलंस ते मी आधी घेते. संस्था दोन महिने उशिरा निघाली तरी काही बिघडत नाही, पण त्या पोराकडे दोन महिने तुमच्यातलं कोणी गेलं नाहीये आणि ते आता थांबायला पाहिजे, या आठवड्यात, जमलं तर उद्याच. तुला टोचून बोलत नाहीये. काय बोलावं कळत नाही म्हणून न जाणारे तुम्ही एकटेच नाही, सख्खे काका-मामा पण हेच करतात, आणि घरात बसलेल्या पोराला त्याचा अर्थ एकच लागतो की आपण सगळ्यांना नकोसे झालोय.

दवाखान्यातून घरी आलं की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे. पहिले आठ दिवस पाहुणे येतात, नारळपाणी, सफरचंद, "असं करायचं नसतं बाळा" वगैरे, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात, बाप शेतात, आई निंदायला नाहीतर घरकामात, आणि पोरगं मागच्या खोलीत मोबाईल घेऊन. तो काळ सगळ्यात नाजूक असतो, घरी आल्यानंतरचे काही आठवडे आणि पुढचे काही महिने, आणि नेमकं तेव्हाच आजूबाजूचं सगळं पांगतं.

यावर एक मोठा अभ्यास झालेला आहे, तो तुला मुद्दाम सांगते कारण तुझ्या संस्थेचं अख्खं काम त्यात आहे असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केला होता, त्यात आपलं चेन्नई पण होतं, २००८ साली छापून आला. असा प्रयत्न करून दवाखान्यात आलेली १८६७ माणसं घेतली. जवळजवळ अर्ध्यांना जे नेहमीचे उपचार असतात ते दिले, बाकीच्यांना ते उपचार तर दिलेच पण वरून सुरुवातीला तासभर बसून सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा कोणीतरी फोन केला किंवा घरी जाऊन आलं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्याला, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याला. बस एवढंच, मोठी मशीन नाही, महागडं औषध नाही. दीड वर्षाने मोजलं तर नुसत्या नेहमीच्या उपचारवाल्यांत शंभरात दोनपेक्षा जास्त जण आत्महत्येने गेले होते आणि ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांच्यात हजारात दोन. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तेच आकडे परत परत बघत होते. कारण हे काम आपल्या गावातला कोणताही धडधाकट, शब्दाला पक्का पोरगा करू शकतो.

तर आता त्याच्याकडे जायचं कसं. सगळे सात जण मिळून जाऊ नका, पंचायत बसल्यासारखं होतं. तू जा, फार तर त्याला जवळचा असलेला अजून एक. फोन उचलत नाही तर मेसेज टाक की "उद्या संध्याकाळी येतोय, नुसता बसायला, बोललं नाहीस तरी चालेल". आणि गेल्यावर खरंच नुसता बस. तुमच्याकडे जसं बोलता तसंच बोल, "काय भाऊ, जेवना का", पुस्तकी भाषा काढू नको. "का केलंस" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नकोस, तो त्याला दोन महिन्यांत पन्नास जणांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी त्याला आरोपीसारखं वाटलंय. आई-बापाचा तरी विचार करायचा होता, लोकांना बघ पाय नाहीत तरी जगतात, देवाने वाचवलं म्हणजे काहीतरी कारण असेल, हे सगळं मायेपोटी बोललं जातं, मला माहिती आहे, पण ऐकणाऱ्याला त्यात आपली लाजच ऐकू येते. त्यापेक्षा खरं ते सांग ना. "काय बोलावं सुचत नव्हतं म्हणून आलो नाही, पण आठवण रोज येत होती." याच्यापुढे काही सुचलं नाही तर गप्प बस, चहा पी, त्याच्या हातातल्या मोबाईलवर काय चाललंय ते विचार, आणि निघताना पुढच्या वेळेचा वार सांगून निघ. आणि त्या वारी जा. पाऊस असो, कापूस वेचायला माणसं आलेली असोत, जाच. नाहीच जमत असं दिसलं तर आधी कळव. या पोराला आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे ती सांगितल्याप्रमाणे येणाऱ्या माणसाची.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला, तो जरा मोकळा झाला की सरळ विचार, "तुला अजून मरायचे विचार येतात का?" घाबरू नकोस. विचारल्याने डोक्यात तसं काही शिरत नाही, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे, उलट इतके दिवस जे कोणापुढेच काढता येत नव्हतं ते काढायला जागा मिळते. फिरवून फिरवून "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारलंस तर तो "नाही" म्हणणार, कारण तुला "नाही" ऐकायचंय हे त्याला कळतं. तो "हो" म्हणाला तर दचकू नकोस, किती वेळा येतात, आजही येतात का, काही ठरवलंयस का, एवढं शांतपणे ऐकून घे. ठरवलंय असं वाटलं तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका समजूतदार माणसाला सांगायचं, सांगणार आहोत हे आधी त्या पोरालाच सांगायचं, आणि तुझ्याच फोनवरून १४४१६, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, लावून स्पीकरवर ठेवायचं. हातात वेळच नाही असं दिसलं तर १०८ ची गाडी नाहीतर ११२, आणि सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत. "कोणाला सांगणार नाही अशी शपथ घे" म्हणाला तर शपथ घ्यायची नाही. "बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण तुझा जीव धोक्यात दिसला तर मी गप्प बसणार नाही" हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं.

त्याच्या आई-वडिलांशी पण एक बोलणं कर, तो समोर असताना नाही. फवारणीची औषधं घरातून बाहेर काढायची, शेतातल्या खोलीत कुलपात ठेवायची आणि किल्ली बापाच्या करदोट्याला. घरातल्या गोळ्या पण आईने स्वतःकडे ठेवायच्या. आपल्या कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात प्रत्येक घराच्या कोपऱ्यात काही ना काही असतंच, आणि अशी वेळ पुष्कळदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस त्यातून बाहेर येतो. याचा खर्च एका कुलपाचा आहे. मला विचारशील तर तुझ्या संस्थेची पहिली खरेदी कुलपं असावीत.

आता संस्था. काढा. पण हेल्पलाइन काढू नका.

सांगते का. नंबर छापला की शब्द दिला, दिवसरात्र उचलायचा. तुम्ही सात जण, सगळे कामाचे, कोणाला रात्रीची लाइट असते म्हणून दोन वाजता मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं, कोणी भरतीची तयारी करतोय, कोणी उद्या पुण्याला नोकरीला जाईल. मध्यरात्री एखाद्या पोरीने शेवटची हिंमत करून तो नंबर लावला आणि उचललाच गेला नाही तर तिच्यासाठी ते काय असेल याचा विचार करून बघ. आणि गरज पण नाही, कारण सरकारची टेलिमानस आहे, १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. १८ च्या आतल्यांसाठी १०९८ आहे. तुम्ही तेच नंबर गावागावात पोचवा, त्यात कमीपणा काही नाही.

नंबर आहेत, डॉक्टर पण थोडेफार आहेत. कमी काय आहे ते तुला सांगते. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, सकाळी कधीतरी जाऊन मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर तासभर बस. एखादं पोरगं दिसेल, विशीतलं, एकटं आलेलं, पहाटेची एसटी पकडून. खिडकीवर केस पेपर काढला, तिथल्या माणसाने मोठ्याने विचारलं "कशासाठी?", ते हळूच काहीतरी पुटपुटलं, मग रूम नंबर शोधत दोन चकरा मारल्या, बाकड्यावर बसलं, आणि समोरून गावातली कोणी मावशी आली की केस पेपर घडी करून खिशात घालून उठून बाहेर. गेलं ते गेलं. हेल्पलाइनवर बोललेलं असतं, तिकडच्या माणसाने नीट सांगितलेलं असतं की डॉक्टरांना भेट, पोरगं तिथपर्यंत आलेलं पण असतं, आणि शेवटच्या दहा फुटांत परत जातं कारण बाजूला कोणी नसतं. मला वाटतं तुमची संस्था त्या बाकड्यावर शेजारी बसायला पाहिजे. फोन केल्यापासून डॉक्टरपर्यंत आणि डॉक्टरकडून परत घरी आल्यावर पुढचं दीड वर्ष. हे काम खान्देशात करणारी माणसं फार फार कमी आहेत.

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं बघ, पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. पण पोरापोरींच्या बहुतेक अडचणींना तिथे जायची गरजही नसते. जळगावचं सिव्हिल, धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज, नंदुरबारला पण आता मेडिकल कॉलेज आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कधी येते, येते की नाही, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. डॉक्टरांची नावं, वार, वेळ, कुठली खिडकी, किती वाजेपर्यंत केस पेपर निघतो, परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे सगळं एका वहीत लिहा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण घाबरलेल्या घराला "मंगळवारी सकाळी नऊला माझ्यासोबत चला, कुठे जायचं मला माहिती आहे" असं सांगणारा माणूस मिळाला की अर्धं ओझं उतरतं.

तुझा मित्र म्हणतो हे डॉक्टरांचं काम. आजाराचं निदान आणि गोळ्या हे डॉक्टरांचंच, त्यात बोटही घालायचं नाही. पण ऐकणं हे फक्त डॉक्टरांचं काम कधीच नव्हतं. लंडनला १९५३ मध्ये चॅड वारा नावाच्या एका पाद्र्याने जीव द्यायचे विचार येणाऱ्या लोकांसाठी फोन सुरू केला, समॅरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली, तिथे काय झालं की लोक त्याला भेटायला येऊन बाहेर थांबायचे आणि मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची, गप्पा मारायची, आणि बरेच जण त्या चहावाल्यांशी बोलूनच हलके व्हायचे, आतल्या भेटीची गरजच राहायची नाही. मग त्याने ते कामच त्या माणसांच्या हाती दिलं. लांब कशाला, आपल्या शेजारी नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात आत्मीयता म्हणून प्रकल्प झाला, २०१३ पासून पुढची दोन-तीन वर्षं, गावातल्याच बायामाणसांना शिकवून तयार केलं, कोण त्रासात आहे ते ओळखायचं, चार-सहा वेळा बसून बोलायचं, जास्त असेल तर दवाखान्यात पोचवायचं, आणि सरकारी योजनांचे कागद पण करून द्यायचे. पुढे तोच गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा झाला. डोंगरातल्या पाड्यांवर जे जमलं ते चोपड्याला का जमू नये?

पण शिकल्याशिवाय नाही हं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन सरळ सांगा की आम्ही अशी पोरं आहोत, आम्हाला ट्रेनिंग द्या, आणि महिन्यातून एकदा आमच्यासोबत बसा म्हणजे अवघड केसवर तुम्हाला विचारता येईल. डॉक्टर कामात बुडालेले असतात पण हे ऐकून नाही म्हणणारे कमी. ट्रेनिंगशिवाय कोणीही, कितीही गोड बोलणारा असला तरी, संस्थेच्या नावाने कोणाच्या घरी जायचं नाही. औषधं बंद कर, ती सवयीची असतात, असलं एक अक्षर तुमच्यातल्या कोणी बोलायचं नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, पोरं दुसऱ्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडून देतात. तरुणांमध्ये गोळ्या सुरू केल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढतेय का यावर जास्त लक्ष ठेवायला लागतं, तेव्हा तुमची भेट त्याच दिवसांत दाट ठेवा आणि काही वेगळं दिसलं तर डॉक्टरला फोन.

तुझ्या सात जणांत मुलगी एकही नाही, निदान पत्रात तरी दिसली नाही. हे चालणार नाही. कॉलेजच्या पोरींना, लवकर लग्न होऊन सासरी गेलेल्या विशीतल्या पोरींना तुमच्याशी बोलता येणार नाही, आणि आपल्याकडे त्यांचं दुखणं कमी नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर झोक्यावर हसणारी पोर रात्री आईजवळ रडते हे कोणत्याही घरात विचार. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना गावातलं प्रत्येक घर माहिती असतं. १८ च्या आतल्या कोणाशीही बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, दोघांनी जायचं, घरच्यांना माहिती असताना जायचं. आणि लहान मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तिथे "घरातली गोष्ट घरात" चालत नाही.

अजून एक, पोरांचा त्रास नुसता मनातला नसतो, त्याच्या मागे काहीतरी ठोस असतं आणि तिथे तुम्ही खरी मदत करू शकता. दहावी-बारावीत नापास झालेल्याला वाटतं वर्ष गेलं, त्याला हे सांगा की बोर्ड निकालानंतर लगेचच पुरवणी परीक्षा घेतं, वर्ष जात नाही, आणि फॉर्म भरायला त्याच्यासोबत शाळेत जा. निकालाच्या दिवशी तुमची सगळी माणसं गावात पाहिजेत. लोनच्या अॅपवाल्यांनी फोटो व्हायरल करायची धमकी दिली, ऑनलाइन गेममध्ये बापाचे कापसाचे पैसे गेले, कोणी व्हिडिओ कॉलवर फसवून ब्लॅकमेल केलं, यात अडकलेली पोरं आता खूप आहेत आणि ती लाजेने कोणाला सांगत नाहीत. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. त्याच्या शेजारी बसून तो फोन लावून द्या, बापाला सांगताना त्याच्यासोबत उभे राहा. शेतकरी पोराचं लग्न जमत नाही, भरतीत अर्ध्या गुणाने राहिला, हे तुम्ही सोडवू शकणार नाही, पण तिथे "होईल रे सगळं" एवढं बोलून उठू नका, ऐका. आणि सातपुड्याच्या बाजूला, यावल-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर किंवा पुढे धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर पावरी, भिली बोलणारा माणूस टीममध्ये हवाच, आश्रमशाळेतलं पोरगं आपलं दुःख प्रमाण मराठीत नाही सांगू शकत. तिथे आधी भगताकडे नेतात, त्याच्याशी भांडायला जाऊ नका, त्याला विश्वासात घेऊन "तुमचं चालू द्या, सोबत दवाखाना पण करू" असं म्हटलं तर पोरगं दवाखान्यात पोचतं.

आईची भीती. तिला माझा नमस्कार सांग आणि सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहिलंय की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम. आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही, सरकारी माणसावर दबाव आणायला कोणी तसं केलं तर तेवढ्यापुरतं वेगळं कलम आहे. दवाखान्यात पोलीस येतात, जबाब घेतात, ती पद्धत आहे, त्याला लोक घाबरतात आणि पोराला लांबच्या दवाखान्यात न्यायच्या नादात वेळ घालवतात, हे तुम्ही गावात समजावून सांगितलं तर त्यानेच एखादा जीव वाचेल. मदत करणाऱ्याने सगळं उघडपणे, घरच्यांना सांगून, दोघांनी मिळून केलं तर त्याला भ्यायचं कारण नाही.

भाषणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, एका दुपारचं मोटिवेशनल भाषण ठेवून टाळ्या मिळतात, त्यापुढे काही होत नाही. त्यापेक्षा प्राचार्यांकडे जा आणि सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल सगळ्यांना घालून दिलेले नियम दाखवा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे शिकलेला काउन्सेलर नेमायचा, टेलिमानसचा नंबर वर्गात, हॉस्टेलात ठळक लावायचा. तुमच्याकडे काउन्सेलर कोण आहे आणि नंबर कुठे लावलाय, एवढं नम्रपणे विचारा, आणि परत पंधरा दिवसांनी विचारायला जा. तुझ्या अभ्यासिकेत पण नंबर लावशील ना.

आणि बॅनरवर, स्टेटसवर, १० सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनाच्या कार्यक्रमात, गणपतीच्या देखाव्यात, कुठेही त्या पोराची गोष्ट येता कामा नये, नाव न घेता सुद्धा नाही. चोपडा तालुक्यात "एक १९ वर्षांचा मुलगा" म्हटलं की सगळ्यांना कळतं. तो पुढे पाच वर्षांनी स्वतःहून बोलायचं म्हणाला तर बघू. कोणी गेलं तर ते कसं गेलं याची वर्णनं ग्रुपवर फिरवू नका, फिरवणाऱ्याला फोन करून काढायला लावा, दुसऱ्या खचलेल्या पोरावर त्याचा परिणाम होतो हे जगभर दिसलेलं आहे.

हे काम करताना तुमच्यातला कोणीतरी खचेल. तुम्ही सगळं नीट करूनही एखादं पोरगं हातातून जाऊ शकतं, ते तुमच्या भेटी कमी पडल्या म्हणून असेलच असं नाही. म्हणून एका माणसाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त पोरं देऊ नका, भेटीनंतर एकमेकांना फोन करा, आठवड्यातून एकदा एकत्र बसून कोणाला काय जड गेलं ते बोला, आणि ज्याला थांबायचंय त्याला महिना-दोन महिने थांबू द्या, त्याला पळपुटा म्हणू नका. तू स्वतः "कोणालाच काही कळलं नाही" असं लिहिलंयस त्यात मला तुझा अपराधीपणा दिसतो. रोज समोर बसणाऱ्या आईलाही कळत नाही भाऊ, हे लपवता येतं. रात्री तेच तेच डोक्यात फिरत असेल तर १४४१६ तुझ्यासाठी पण आहे.

पैशांचं म्हणशील तर मंडळाचे पैसे बॅनरला घालू नका, एसटीचं भाडं, फोनचा रिचार्ज, दवाखान्यात दिवस गेला तर दोघांचं जेवण, ट्रेनिंगचा खर्च आणि वह्या ठेवायला कुलपाचं कपाट, यात ते वर्षभर पुरतील. पोरांची माहिती असलेल्या वह्या अभ्यासिकेत नको, एकाच्याच घरी. रजिस्ट्रेशनची घाई नको, सहा महिने काम करून बघा, किती जण टिकतात ते कळेल, मग सात माणसं घेऊन सोसायटी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी करा. देणग्या घ्यायच्या असतील तर पुढे आयकर खात्याकडे करसवलतीची नोंदणी (लोक तिला बारा-ए, ऐंशी-जी म्हणतात) करून घ्या, बँकेत खातं संस्थेच्या नावाने आणि सह्या दोघांच्या. कागदांची यादी जळगावला सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मिळेल, एजंटला पैसे द्यायच्या आधी स्वतः एकदा जाऊन विचारून ये.